काटा उशिरा चढतो, कूलंट कमी होतं: हेड गॅस्केटच गेली असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधली पेट्रोल हॅचबॅक, वय दहाच्या आसपास, रनिंग लाखाच्या जवळ. सकाळी टेंपरेचरचा काटा वर यायला फार वेळ लागतो. हायवेला ८०च्या वेगाने गेलं की तो पुन्हा खाली सरकतो, आणि मुंबईहून परतताना कसारा घाट चढताना मात्र एकदोनदा मधल्या रेषेच्या वर गेला. दर पंधरवड्याला बाटलीतलं कूलंट कपभर कमी होतं. थंडीत सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसतो. एका गॅरेजने सांगितलं, "हेड गॅस्केट गेली, हेड उतरवावं लागेल, २५ हजार." दुसरा म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाकतो, आपल्याकडे त्याची गरजच नसते."

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. दोघांचंही आज ऐकू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत मला दोन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेले दिसतात. काटा उशिरा चढणं आणि हायवेला उतरणं हे थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचं लक्षण आहे, त्याचा गॅस्केटशी संबंध नाही. कूलंट कुठे जातंय हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर हेड न उतरवता मिळू शकतं. हेड उतरवणं ही तपासणी नव्हे. तपासणी आधी पूर्ण व्हायला हवी, आणि तिचा बराचसा भाग तुम्ही स्वतः घरासमोर, गाडी थंड असताना करू शकता. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावरची पहिली पंधरा मिनिटं नीट पाहिली, तर इंजिन स्वतःच बरंच काही सांगतं. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी गरम झालेली असते आणि ही संधी गेलेली असते, म्हणूनच निदान चुकतात.

आधी चांगलं इंजिन कसं गरम होतं ते बघू. थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो. त्यातला मेणाचा गोळा ठरावीक तापमानाला वितळून फुगतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हे तापमान ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान असतं, आणि ते थर्मोस्टॅटवरच कोरलेलं असतं. तोवर पाणी इंजिनात आणि हीटरच्या कॉइलमध्येच फिरत राहतं, रेडिएटरकडे जात नाही. त्यामुळे इंजिन तापत असताना रेडिएटरचा वरचा होज पाईप बराच वेळ जवळपास थंडच लागला पाहिजे. मग व्हॉल्व्ह उघडतो आणि तोच पाईप मिनिटाभरात हात ठेववणार नाही इतका तापतो. त्या क्षणी रेडिएटरमधलं थंड पाणी इंजिनात शिरतं, म्हणून तापमान दोनचार अंशांनी खाली येतं, पुन्हा चढतं आणि स्थिर होतं. गाडी उभीच ठेवली तर पुढे साधारण ९५च्या आसपास फॅन लागतो, तापमान पाचेक अंशांनी उतरतं आणि फॅन बंद होतो. आकडे गाडीगणिक थोडे बदलतात, पण हा क्रम बदलत नाही.

हे सगळं डॅशबोर्डवरच्या काट्यावर दिसणार नाही. कंपन्यांनी काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मधोमध बसून राहतो, म्हणजे चालवणारा उगाच घाबरत नाही. काटा मधल्या रेषेच्या वर गेलेला तुम्हाला दिसला, तेव्हा खरं तापमान बरंच पुढे गेलेलं असणार. म्हणूनच घाटातली ती घटना मी हलक्यात घेत नाही. कित्येक नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि जास्त तापल्यावर लाल, एवढंच.

त्यामुळे पहिला खर्च स्कॅनरचा करा. ईएलएम ३२७ नावाचा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मोबाईलवर कूलंट टेंपरेचर बघायचं. तुमच्या गाडीइतक्या वयाच्या गाडीत हा सॉकेट असतोच. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी फक्त इग्निशन ऑन करून दोन आकडे पाहा, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर गाडी उभी होती, तर दोन्ही जवळजवळ सारखेच असले पाहिजेत. हवा १४ अंश आणि कूलंट ३५ अंश दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग खोटं बोलतंय. मग पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ राहत नाही. ही तपासणी मिनिटभराची आहे, पण फारसं कुणी करत नाही.

सेन्सर बरोबर निघाला तर इंजिन सुरू करा. आकडा हळूहळू पण सलग चढायला हवा. तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा की ५०-५५ अंशांनाच वरचा पाईप कोमट व्हायला लागेल. तसं झालं तर थर्मोस्टॅट पूर्ण बंद होत नाही हे नक्की. मग हायवेला एकसारख्या ८०च्या वेगाने चालवून बघा. तापमान ६५-७०पर्यंत उतरलं आणि सिग्नलला थांबल्यावर परत चढलं, तर शंका उरत नाही. कधीकधी स्कॅनर पी०१२८ हा कोडही दाखवतो. इंजिन अपेक्षेइतकं तापत नाही, असा त्याचा अर्थ. तो पुसून टाकू नका, आधी लिहून ठेवा.

आता "आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही" या सल्ल्याबद्दल. तो इतक्या गॅरेजमध्ये इतक्या ठामपणे दिला जातो की लोकांना खराच वाटतो. चंद्रपूर-नागपुरात उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश असतात हे खरं. पण इंजिनाला ८५-९५ लागतात, म्हणजे तिथल्या भर मे महिन्यातही ४० अंशांचा फरक उरतो. इंजिन थंड राहिलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज पडतं, प्लग काळे होतात. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यामुळे त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि सिलिंडरच्या भिंती लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटला मागच्या बाजूला दुसरी चकती असते. व्हॉल्व्ह उघडला की ही चकती बायपासची वाट बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच परत इंजिनात फिरतो. म्हणजे सपाटीवर गाडी थंड चालते आणि घाटात जोर लागला की जास्तच गरम होते. तुमच्या गाडीचा थर्मोस्टॅट आधीच कुणी काढून टाकलाय का, हेही बघा. जुनी गाडी घेतली असेल तर ही शक्यता बरीच आहे, आणि तुमची हायवेची आणि घाटाची अशी दोन्ही लक्षणं एकट्या या गोष्टीने जुळतात.

नवा बसवताना त्याच्या चकतीवरचं बारीक भोक किंवा हलणारी पिन कुठल्या बाजूला येते ते बघायला सांगा. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उभा बसतो, तिथे ती वरच्या बाजूला आली पाहिजे. तिथूनच अडकलेली हवा बाहेर पडते. उलटा बसला तर थर्मोस्टॅटखाली हवा कोंडते, आणि नवा भाग घालूनही गाडी गरम होते.

आता कूलंट. कपभर कूलंट पंधरा दिवसांत जातं म्हणजे गळती बारीक आहे. बारीक गळती जमिनीवर थेंब पाडत नाही, गरम भागावर पडून सुकते. मागे पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा, हिरवा-गुलाबी डाग उरतो. बोनेट उघडून टॉर्च घ्या आणि हे डाग शोधा. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला जिथे ॲल्युमिनियमची पट्टी चिमटलेली असते तो सांधा, होजच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक. हे भोक मुद्दाम दिलेलं असतं. पंपाचं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं, म्हणजे बेअरिंग खराब व्हायच्या आधी कळतं. डाव्या बाजूच्या सीटपुढचं कार्पेट उचलून हात लावा. ते ओलं लागलं, गाडीत गोडसर वास आला आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर हीटरची कॉइल गळतेय. ज्या गाड्यांत वर्षानुवर्षं बोअरचं पाणीच भरलं जातं, तिथे ब्लॉकच्या बाजूला ठोकलेले पत्र्याचे गोल प्लग आतून गंजून भोकं पडतात. त्यातला एखादा इंजिनाच्या मागच्या अंगाला असतो आणि कुणाच्या नजरेस पडत नाही.

आणि रेडिएटरची कॅप. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो प्रेशरचा. ०.९ची कॅप धडधाकट असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट घातलेलं त्याहून वर. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक झालं की प्रेशर टिकत नाही, पाणी लवकर उकळतं, बाटलीत जातं आणि तिथून बाहेर. लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटसारखी दिसतात. कॅपमध्ये मधोमध एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. तो अडकला तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होतं. म्हणून नुसती बाटली बघून पाणी पुरेसं आहे असं समजू नका. गाडी पूर्ण थंड असताना कॅप उघडून आत बघा. गरम असताना ती कधीही उघडू नका, चेहरा आणि हात भाजल्याशिवाय राहत नाहीत.

कॅप बदलली, बाहेर कुठे डाग सापडला नाही, आणि तरीही कूलंट जातंय. आता गॅस्केटची शंका घ्यायची. हेड गॅस्केट तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवते, सिलिंडरमधला जाळ, पाण्याच्या वाटा आणि ऑइलच्या वाटा. कुठली भिंत फुटली यावर लक्षणं ठरतात, म्हणून एकच लक्षण सगळीकडे दिसत नाही. सर्वांत जास्त आढळतो तो जाळ आणि पाणी यांच्यातला फुटवा. त्यात इंजिन चालू असताना सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो, आणि इंजिन बंद केल्यावर उरलेल्या प्रेशरने पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं.

यातूनच सगळ्यात सोपी, फुकटातली तपासणी निघते. सकाळी, गाडीला किल्ली लावायच्याही आधी, वरचा होज पाईप बोटांनी दाबा. रात्रभर थंड झालेल्या सिस्टिममध्ये प्रेशर नसायलाच हवं, पाईप मऊ, किंचित आत खेचल्यासारखा लागतो. तो टणक लागला किंवा कॅप सैल करताना फुस्स आवाज येऊन पाणी वर आलं, तर आत वायू भरला गेलाय. पाण्याच्या उष्णतेने तयार झालेलं प्रेशर रात्रीत संपतं, ज्वलनाच्या वायूचं उरतं. मग रेडिएटर काठोकाठ भरा, कॅप घट्ट लावा, इंजिन सुरू करा. एक हात पाईपवर, नजर स्कॅनरच्या आकड्यावर. फॅनच्या पात्यांपासून हात आणि बाह्या लांब ठेवा. चांगल्या इंजिनात प्रेशर तापमानाच्या मागून येतं. आकडा ४०-४५ असतानाच, पहिल्या दोनतीन मिनिटांत पाईप टणक होत असेल, तर पाणी तापायच्या आधीच प्रेशर कुठून आलं याचं एकच उत्तर उरतं.

कॅप उघडी ठेवून बुडबुडे बघायची पद्धतही चालते, पण त्यात घाई होते. नुकतंच पाणी बदललेल्या गाडीत अडकलेली हवा काही वेळ बुडबुड्यांनी निघतेच. ते हळूहळू थांबतात. गॅस्केटचे बुडबुडे बारीक, सलग असतात आणि रेस वाढवली की वाढतात. ज्या गाड्यांत रेडिएटरला कॅपच नसते, फक्त प्रेशरची बाटली असते, तिथे परत येणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी हे दिसतं.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मला जाणून घ्यायची आहे. सकाळी सुरू करताना पहिले काही सेकंद गाडी थरथरते का, मिसिंग मारते का, आणि मग आपोआप सुरळीत होते का? रात्रीत चमचाभर पाणी एखाद्या सिलिंडरमध्ये उतरलं की तो प्लग सुरुवातीला पेटत नाही. धुराबरोबर हे असेल तर शंका पक्की होत जाते.

नुसत्या पांढऱ्या धुरावरून मात्र काहीच ठरवू नका. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. जानेवारीत नाशिकला सकाळी दहा अंशांच्या खाली पारा उतरतो, तेव्हा ती वाफ दिसणारच, सायलेन्सरच्या तोंडातून पाणीही ठिबकणार. ही वाफ हातभर अंतरावर विरते आणि सायलेन्सर तापला की दिसेनाशी होते. कूलंटचा धूर दाट असतो, हवेत तरंगत राहतो, गोडसर वास देतो आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही थांबत नाही. तुमचा धूर काही मिनिटांनी थांबत असेल, तर सध्या त्याला पुरावा मानू नका.

ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या साईचंही तसंच. रोज दोन किलोमीटर ऑफिसला जाऊन येणाऱ्या गाडीत, आणि त्यातही थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असताना, झाकणाखाली अशी साय जमतेच. ते बाष्प असतं. ऑइलची पट्टी ओढून बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही. पट्टीवरच ऑइल ताकासारखं दिसलं आणि पातळी वाढलेली असेल, तर इंजिन त्या क्षणापासून सुरू करायचं नाही, गाडी टो करूनच न्यायची. बेअरिंगला पाणी मिसळलेलं ऑइल मिळालं तर हेडच्या खर्चावर क्रँकचाही खर्च येतो. उलट, कूलंटमध्ये ऑइल तरंगत असेल तर गॅस्केटआधी ऑइल कूलर तपासा, विशेषतः डिझेलमध्ये. ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर कित्येकदा रेडिएटरच्या टाकीतच असतो, तोही फुटतो. आणि डिझेल गाडी कूलंट खात असेल, पांढरा धूर देत असेल, तर ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग, तपासल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका. तो आतून फुटला की पाणी सरळ इंजिनाच्या श्वासात जातं आणि लक्षणं गॅस्केटचीच वाटतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर तीन तपासण्या मागा. पहिली, निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडाशी एक काचेची किंवा प्लास्टिकची नळी लावतात, तिच्यात निळा द्रव असतो, आणि पाण्यावरची हवा त्यातून ओढतात. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं हिरवं, मग पिवळं होतं. पाण्यावर कार्बन डायऑक्साइड यायला ज्वलनाच्या वायूशिवाय दुसरं कारण नसतं. द्रवात कूलंट ओढलं गेलं तर निकाल बाद, म्हणून आधी पातळी थोडी खाली घ्यायची. रंग बदलला तर पुरावा भक्कम आहे. नाही बदलला तर मात्र गॅस्केट निर्दोष सुटली असं नाही. बारीक फुटवा फक्त जोर लागल्यावर उघडतो, म्हणून गाडी एखाद्या चढावर दमवून आणून लगेच पुन्हा तपासायला सांगा. डिझेलमध्ये तर हे करायलाच हवं, कारण आयडलला डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण कमी असतं.

दुसरी, प्रेशर पंपाची. थंड इंजिनावर कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवर लिहिलंय तितकंच प्रेशर द्यायचं, आणि वीसेक मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, म्हणजे पाणी आत जातंय. मग प्लग काढून मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा भोकातून आत सोडायचा. मी स्वतः या पायरीवर सर्वांत जास्त विश्वास ठेवतो, कारण इथे गोष्ट डोळ्यांनी दिसते. तीन पिस्टनचे माथे कार्बनने काळे-तपकिरी, आणि एकाचा माथा वाफेने धुतल्यागत लख्ख, कंपनीचे आकडे वाचता येतील इतका. कधी त्याच्या कडेला पाण्याचा थेंबही चमकताना दिसतो. प्लग काढलेलेच असताना स्टार्टर फिरवला तर त्या भोकातून तुषार उडतो. तोंड जवळ नेऊ नका. असं चित्र ज्या गॅरेजने तुम्हाला मोबाईलवर दाखवलं, त्याला हेड उतरवायला द्यायला हरकत नाही.

तिसरी, कॉम्प्रेशनची. सगळे प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा आकडा घ्यायचा. पेट्रोल इंजिनात तो साधारण १५० ते २०० पीएसआय असतो. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांत आपापसात फरक किती हे बघायचं. १०-१५ टक्क्यांपर्यंत चालतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर, समजा दोन आणि तीन, दोन्ही एकदम कमी आले तर त्यांच्या मधली गॅस्केटची अरुंद पट्टी जळालीय असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. मात्र कूलंट आत झिरपवणाऱ्या बारीक फुटव्यात कॉम्प्रेशन अगदी चांगलं येऊ शकतं. म्हणून ही एकटी तपासणी करून "सगळं ओके" असा निर्णय देणाऱ्यावर विसंबू नका.

घाटात गरम होण्याचं कारण वेगळंही असू शकतं. ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि हायवेला ठीक, तर फॅन बघायचा. एसी लावल्यावर फॅन फिरतो आणि एसी बंद असताना गाडी तापूनही फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, दोष सेन्सर, रिले किंवा वायरिंगचा. उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक आणि चढावर जोर लागला की गरम, तर रेडिएटर आतून चोक असणं, पाणी कमी असणं किंवा गॅस्केट, या तिन्हींवर नजर जाते. तुमची गाडी या दुसऱ्या गटात येते. रेडिएटरची जाळी हाताने चाचपा, गरम इंजिन बंद करून. मधे थंड पट्टे लागले तर तिथून पाणीच फिरत नाही. कुणी कधी गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकली असेल, तर हेच होतं. ती बारीक नळ्यांत आणि हीटरच्या कॉइलमध्ये जाऊन बसते. तुम्हाला कुणी हळद सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा.

घाटातलीच आणखी एक गोष्ट, आणि ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. चढावर काटा वर गेला आणि मग एकाएकी खाली आला, तर ती सुटका नव्हे. पाणी इतकं कमी झालंय की सेन्सर कोरडा पडलाय, तो आता पाण्याचं तापमान मोजतच नाही. लोक हुश्श करतात आणि पुढे चालवतात, आणि तिथेच हेड वाकतं. त्याच वेळी हीटर लावून बघा. काटा वर असताना हीटरमधून थंड हवा आली तर पाणी फिरत नाही हे नक्की, गाडी तिथेच बंद करायची. काटा नुसता वर सरकत असेल आणि हीटरची हवा गरम असेल, तर एसी बंद, हीटर फुल, आणि सुरक्षित जागा सापडली की बाजूला घेणं. वाफ दिसली की इंजिन लगेच बंद. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, आणि निदान पाऊण तास कॅपला हात नको.

हेड इतक्या लवकर का वाकतं? हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बहुधा बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. नेहमीच्या तापमानाला गॅस्केट हा फरक सांभाळून घेते, पण १२०-१३०च्या पुढे हेडला पसरायला जागा उरत नाही, कारण ते बोल्टांनी जखडलेलं असतं. मग ते मधोमध वाकतं आणि गॅस्केट चिरडते. गॅस्केट आपणहून सहसा जात नाही, ओव्हरहीटने जाते. म्हणून नवी गॅस्केट टाकून मूळ कारण, म्हणजे फॅन, चोक रेडिएटर, कॅप, पंप यांतलं जे असेल ते, तसंच ठेवलं तर तेच काम वर्षभरात परत निघतं.

तपासण्यांतून गॅस्केट खरंच गेलेली निघाली तर कामावर हजर राहा. हेड पूर्ण थंड असतानाच उतरवायचं. बोल्ट बाहेरून आत या क्रमाने, थोडे थोडे सैल करायचे आणि बसवताना आतून बाहेर कसायचे. उतरवलेली गॅस्केट मागून घ्या. फुटलेल्या जागी धातूच्या कड्यावरून पाण्याच्या भोकाकडे गेलेली काळी रेघ दिसते. ती दिसली नाही तर हेडला तडा असू शकतो. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) घालून बघायचा. बहुतेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच मर्यादा असते. फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, याच्या आधी हेडचं प्रेशर टेस्टिंग झालंच पाहिजे, तडा गेलेल्या हेडला फेस करण्यात पैसे वाया जातात. आणि ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने बघायला लावा, ते बरेचजण सोडून देतात. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून गॅस्केटचा चिकटलेला थर घासू देऊ नका. त्याची बारीक पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते.

बोल्ट ताण देऊन कसण्याच्या प्रकारचे असतील, म्हणजे कंपनीच्या पुस्तकात टॉर्कनंतर अंशांचा आकडा दिलेला असेल, तर नवेच घ्यावेत. जुने एकदा ताणले गेलेले असतात. बोल्टांची भोकं हवेने कोरडी करायची. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जाऊन ब्लॉक फुटू शकतो. डिझेल असेल तर गॅस्केट वेगवेगळ्या जाडीच्या येतात, कडेला खाचा किंवा भोकं पाडून ती जाडी ओळखता येते, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून निवडायची असते. काम झाल्यावर कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, आणि हवा नीट काढणं. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवून, हीटर फुलवर ठेवून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवायची.

तुमच्यासाठी क्रम असा: स्कॅनर, नवी कॅप, कंपनीचा थर्मोस्टॅट, काठोकाठ कूलंट. मग दोन आठवडे रोज सकाळी सुरू करण्याआधी पाईप दाबून बघा आणि रेडिएटरची पातळी वहीत लिहा. पातळी जागची हलली नाही, तर कूलंट कॅपमधूनच जात होतं आणि विषय संपला. तरी कमी होत राहिली, तर प्रेशर पंप आणि निळा द्रव.

तोवर गाडी वापरायची का? शहरात वापरा, रोज सकाळी पाणी बघून, मोबाईलवर तापमान समोर ठेवून. १०५च्या वर आकडा गेला की थांबा. पाईप सकाळी टणक लागायला लागला किंवा पट्टीवरचं ऑइल पांढरं दिसलं, तर त्या दिवसापासून बंद. आणि हे दोन आठवडे कसारा घाट नको, मुंबईला रेल्वेने जा.